ताकदीचा हिशेब

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३० जुलै २०२२ रोजी सांगलीच्या संकेत सरगर यांनी ५५ किलो वजनी गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. १३९ किलोच्या प्रयत्नात त्यांचे कोपर दुखावले आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. त्याआधी सहा वर्षे, रिओच्या ऑलिंपिकमध्ये, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि अंतिम शर्यतीत त्या दहाव्या आल्या. एक कामगिरी काही सेकंदांत संपणारी, दुसरी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत नऊ मिनिटांहून अधिक चाललेली. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या या दोन्ही कामगिऱ्यांचे श्रेय आपण ताकदीला देतो, आणि ताकद म्हणजे खाऊनपिऊन अंगात साठवून ठेवलेली गोष्ट, जेवढी साठवाल तेवढी वापराल, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. स्नायू ज्यावर प्रत्यक्ष चालतो ते इंधन तो जवळजवळ साठवतच नाही. ते तो खर्च होता होता पुन्हा बनवत राहतो, आणि कोणता माणूस काय करू शकेल हे त्या पुनर्निर्मितीच्या वेगावर ठरते. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाभोवती फिरतात, म्हणून त्यामागचा पुरावा आणि त्यावर घेता येण्यासारखे आक्षेप इथेच मांडलेले बरे.

या इंधनाचे नाव एटीपी. स्नायूच्या प्रत्येक तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन या दोन प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे एकमेकांत गुंफलेले असतात. मेंदूकडून आलेला संदेश स्नायूपेशीत पोचला की तिथे कॅल्शियम मोकळे होते, ॲक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात आणि मायोसिनची टोके त्या जागा धरून धागा ओढतात. असंख्य टोकांनी एकाच वेळी ओढले की स्नायू आखडतो आणि हाड हलते. इथवरचे बहुतेकांना पटकन पटते. पटायला जड जाते ते पुढचे. एटीपी लागते ते केवळ ओढण्यासाठी नव्हे, सोडण्यासाठीही. मायोसिनचे टोक एकदा ॲक्टिनला चिकटले की एटीपीचा नवा रेणू येऊन बसल्याशिवाय ते सुटत नाही; शिवाय मोकळे झालेले कॅल्शियम परत कोठडीत ढकलण्यासाठी जे रेणवीय पंप चालतात तेही एटीपीच खातात. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होते त्याचे कारण हेच. एटीपी बनणे थांबलेले असते, धाग्यांची पकड सुटत नाही. म्हणजे इंधन संपलेला स्नायू सैल पडत नाही, तो कडक होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर थकव्याविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात, कारण थकलेल्या पैलवानाचा हात लाकडासारखा होत नाही, तो लोंबतो. याचा अर्थ थकव्याच्या टोकालाही त्याच्या स्नायूत एटीपी शिल्लक असते.

आता साठ्याचा आकडा पाहू. सबंध शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असते ते शंभर ग्रॅमच्या आत, आणि जोराचे काम करणाऱ्या स्नायूत जेवढे असते ते दोन-तीन सेकंदांत उडून जाईल इतकेच. उलट साधारण हालचाल करणारा माणूस दिवसभरात जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी खर्च करतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की साठ्याची कल्पना टिकत नाही. माण-खटावकडच्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी रसायनशास्त्राची गरज नाही: विहिरीत आत्ता किती पाणी दिसते यावर मोटर किती वेळ चालेल हे ठरत नाही, झरे किती जोराने भरतात यावर ते ठरते. स्नायूच्या विहिरीला तीन झरे आहेत. पहिला फॉस्फोक्रिएटिनचा. तो तत्काळ आणि सर्वांत जोरदार वाहतो, पण पूर्ण जोराच्या कामात दहाएक सेकंदांत आटतो. दुसरा स्नायूतल्या ग्लायकोजेनचा, प्राणवायूशिवाय फोडलेल्या साखरेचा. तो काही सेकंदांत जोर धरतो आणि एक-दोन मिनिटे मोठा भार उचलतो, पण ग्लुकोजच्या एका रेणूमागे त्यातून निव्वळ दोन-तीनच एटीपी हाती लागतात. तिसरा मायटोकाँड्रियातला, प्राणवायूच्या मदतीने साखर आणि चरबी पुरती जाळणारा. ग्लुकोजच्या त्याच रेणूतून तो तीसच्या आसपास एटीपी देतो आणि तासन्‌तास चालतो, पण त्याचा वेग फुप्फुसे, हृदय, रक्त आणि केशवाहिन्या यांनी बांधलेला असतो. तिन्ही झरे एकाच वेळी वाहतात. एक बंद होऊन दुसरा सुरू होतो असे काही नसते. बदलते ते त्यांचे प्रमाण.

हे ज्ञान सरळ रेषेत मिळालेले नाही, आणि त्याचा इतिहास थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण आज आखाड्यात आणि जिममध्ये ऐकू येणाऱ्या कितीतरी गोष्टी त्या इतिहासाच्या मधल्याच टप्प्यावर थांबलेल्या आहेत. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले की प्राणवायूशिवाय काम करणाऱ्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड साचते आणि प्राणवायू मिळाला की ते कमी होते. पुढे ए. व्ही. हिल यांनी स्नायूची उष्णता मोजली, ओटो मायरहोफ यांनी ग्लायकोजेन आणि लॅक्टिक ॲसिडचा हिशेब जुळवला, आणि दोघांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅक्टिक ॲसिड हेच स्नायू आखडण्याचे मूळ कारण, हे तेव्हा जवळजवळ ठरलेले शास्त्र होते. १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून तिथे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन ओळखले. दोन वर्षांनी जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि हार्वर्डमध्ये याच जोडीने, एटीपी वेगळे केले. १९३० मध्ये कोपनहेगनच्या आयनार लुंडस्गार्ड यांनी स्नायूंना असे विष दिले की त्यांत लॅक्टिक ॲसिड तयारच होऊ शकणार नाही. तरीही स्नायू आखडले. फॉस्फोक्रिएटिन घटत गेले, आणि ते संपल्यावर स्नायू ताठ झाला. एका प्रयोगाने नोबेल मिळालेला सिद्धांत कोसळला, आणि खुद्द हिल यांनी १९३२ मध्ये या उलथापालथीला क्रांती म्हणून तिचे स्वागत केले. विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांत हवा असे मला वाटते. तरीही आखडताना थेट एटीपीच खर्ची पडते याचा निर्विवाद पुरावा मिळायला १९६२ उजाडले. केन आणि डेव्हिस यांनी फॉस्फोक्रिएटिनचा झरा रसायनाने बंद केला, स्नायूला मोजून आखडवले आणि एटीपी कमी झालेले दाखवले. ते इतकी वर्षे का दिसले नव्हते? खर्च होताक्षणी भरून निघत होते म्हणून.

या पार्श्वभूमीवर हेलसिंकीची गोष्ट नव्याने वाचता येते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्याविषयीच्या लेखनात एक हकीकत पुन्हापुन्हा येते. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लगेच झुंजावे लागले, नियमाप्रमाणे मिळायची ३० मिनिटांची विश्रांती मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी तिथे नव्हता. या हकिकतीकडे आपण अन्याय म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण ३० मिनिटे म्हणजे नेमके काय हिरावले गेले हे स्नायूच्या हिशेबात मांडता येते. फॉस्फोक्रिएटिन विश्रांतीच्या पहिल्या एखाद-दुसऱ्या मिनिटात निम्मे आणि पाच-सात मिनिटांत बरेचसे भरून येते, मात्र ते भरण्याचे काम प्राणवायूवर चालते आणि स्नायू आम्लधर्मी असताना रेंगाळते. रक्तातले लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचेच शरीरातले रूप, आणि स्नायूतली आम्लता ओसरायला अर्धा ते एक तास लागतो. ग्लायकोजेन भरायला तर चांगले जेवून जवळजवळ पूर्ण दिवस. अर्ध्या तासाने खाशाबांना ग्लायकोजेन परत मिळाले नसते, पण पहिला झरा पूर्ण आणि दुसरा बराचसा मोकळा मिळाला असता. दम धरून राहणे आणि अचानक पट काढणे यांत जो फरक आहे, तो बव्हंशी याच दोन झऱ्यांचा आहे. आजच्या मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंद असतात. कुंडलसारख्या मैदानात निकालीसाठी लांबलेली कुस्ती हा स्नायूंच्या दृष्टीने वेगळाच खेळ आहे, आणि एकाची तयारी दुसऱ्यासाठी जशीच्या तशी चालेल असे मानणे चूक आहे.

पहिला आक्षेप खुराकाचा येणार. सांगली-साताऱ्याच्या तालमींनी दूध, तूप, बदाम आणि थंडाईवर मल्ल घडवले. कवठेपिरानच्या मारुती माने यांच्यासारखे हिंदकेसरी याच परंपरेतले. मग एटीपीच्या गप्पा कशाला? आक्षेप गंभीर आहे, आणि त्यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. सकाळ-संध्याकाळ हजारोंनी जोर-बैठका मारणाऱ्या शरीराला प्रचंड उष्मांक लागतात. एक ग्रॅम चरबीत नऊ, तर पिठूळ पदार्थांत चार किलोकॅलरी असतात. दुधातल्या प्रथिनांशिवाय स्नायू बांधला जात नाही. पण शरीर बांधणे वेगळे आणि झुंजीत ते चालवणे वेगळे. चरबीपासून एटीपी बनते ते सावकाश, केवळ प्राणवायूच्या मदतीने. प्राणवायूच्या मदतीने जाळलेल्या साखरेपासून मिळणाऱ्या सर्वाधिक वेगाच्या साधारण निम्मा वेग तिला गाठता येतो. सहा मिनिटांच्या कुस्तीत तुपाचा थेट वाटा नगण्य. स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम, हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये त्याच माणसांना वेगवेगळा आहार देऊन सारख्याच जोराने सायकल चालवायला लावली आणि सुईने मांडीच्या स्नायूचे नमुने काढले. चरबी आणि प्रथिनांच्या आहारावर ती माणसे तासाभरात थकली, मिश्र आहारावर दोन तासांच्या आसपास टिकली, पिठूळ आहारावर पावणेतीन तासांपर्यंत गेली; आणि थकण्याची वेळ सुरुवातीच्या ग्लायकोजेनशी जुळत होती. मग तालमीतल्या पैलवानाचे ग्लायकोजेन कशाने भरत होते? जोंधळ्याच्या भाकरीने. ती सगळ्यांच्याच ताटात असते, म्हणून खुराकाच्या हिशेबात तिला कोणी धरले नाही. महाग होते ते लक्षात राहिले. माझ्या मते तालमीच्या आहारात चूक नव्हती, चूक त्याच्या श्रेयवाटपात होती, आणि त्या श्रेयवाटपाचा फटका आज भाकरी-भात तोडून पावडरीचे डबे विकत घेणाऱ्या पोरांना बसतो आहे. या डब्यांपैकी क्रिएटिनला पुरेसा पुरावा आहे, हेही सांगायला हवे: पुन्हापुन्हा करायच्या छोट्या, जोरकस कामात त्याचा फायदा होतो, कारण ते पहिला झरा थोडा वाढवते. लांब धावणाऱ्याला त्याचा उपयोग फारसा नाही.

दुसरा गैरसमज लॅक्टिक ॲसिडचा, आणि त्याची परीक्षा साताऱ्याच्या रस्त्यावर दरवर्षी होते. २०१२ पासून भरणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावपटू यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जातात आणि त्याच घाटाने उतरून येतात. दोन दिवस मांड्या दुखतात त्या कशाने, असे विचारले तर दहातले नऊजण लॅक्टिक ॲसिडचे नाव घेतील. पण लॅक्टेट वाढते ते चढताना, धाप लागते तेव्हा. उतरताना एटीपीचा खर्च कमी, लॅक्टेटही कमी. शर्यत संपल्यावर तास-दीड तासात रक्तातले लॅक्टेट पूर्वपदावर आलेले असते, तर दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते. ते येते उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडलेला असतानाच ताणला जातो, थोड्या तंतूंवर जास्त ताण येतो, त्यांची रचना विस्कटते आणि मग सूज व डागडुजी सुरू होते. म्हणून फक्त चढाचा सराव करून आलेला धावपटू उतारावर मार खातो. लॅक्टेट स्वतः विष नाही. हृदय आणि शेजारचे स्नायूतंतू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करते. निसर्गानेच केलेला एक प्रयोग याहून बोलका आहे. मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या आजारात स्नायूला ग्लायकोजेन फोडताच येत नाही, त्यामुळे श्रमाने लॅक्टेट वाढत नाही. लॅक्टिक ॲसिड थकव्याचे मूळ असते तर हे रुग्ण अथक ठरले असते. प्रत्यक्षात ते सर्वांत लवकर थकतात, आणि जबरदस्ती केली तर त्यांच्या स्नायूंना वेदनादायक गोळे येतात. मग थकवा येतो कशाने? फॉस्फोक्रिएटिन फुटल्यावर साचणारा सुटा फॉस्फेट धाग्यांची ओढ आणि कॅल्शियमची सोडवणूक बिघडवतो, आम्लता त्यात भर घालते, मेंदूही संदेशांचा जोर कमी करतो. या सगळ्यामुळे खर्च कमी होतो आणि एटीपी तळाला जात नाही. थकवा स्नायूचे रक्षण करतो असे म्हणण्याला यामुळे आधार मिळतो.

ग्लुकोजविषयी थोडक्यात. कुस्तीआधी घोटभर ग्लुकोजचे पाणी पिऊन तरतरी येते, हा अनुभव खोटा नाही. पण ती साखर आतड्यातून रक्तात आणि रक्तातून स्नायूत जाईपर्यंत सहा मिनिटांची कुस्ती संपलेली असते, आणि स्नायूत आधीच असलेले ग्लायकोजेन तेवढ्याला पुरेसे असते. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी सायकलपटूंना कर्बोदकाच्या द्रावणाच्या नुसत्या चुळा भरायला लावल्या, गिळू दिले नाही; तरी तासाभराच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुधारली. तोंडातली साखर मेंदूला कळते, स्नायूला नव्हे. दीड-दोन तासांपुढच्या धावेत मात्र गिळलेली साखर खरोखर कामी येते. आतडे तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज पोचवू शकते. सोबत फ्रुक्टोज असेल तर एकूण पुरवठा आणखी वाढतो, कारण दोघांच्या वाटा निराळ्या. तासगावच्या बेदाण्यात आणि आपल्या गुळात दोन्ही साखरा आहेत. परदेशी वेष्टनातल्या जेलने त्यांहून वेगळे रसायन दिलेले नसते. सोय तेवढी जास्त असते.

तिसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे: वस्तादांना यातले काही ठाऊक नव्हते आणि तरीही त्यांनी मल्ल घडवले, तर या ज्ञानाने वाढते काय? अनुभवाने योग्य कृती सापडते हे मला पूर्ण मान्य आहे. जोर-बैठका, लढत, पळणे यांची तालमीतली सांगड तिन्ही झऱ्यांना पुरून उरणारी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे पळवले आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियाची इंधन जाळण्याची क्षमता दुपटीच्या आसपास गेलेली दाखवली. सरावाने दम वाढतो हे वस्तादांना त्याआधी कितीतरी पिढ्या माहीत होते. पण अनुभव एका ठिकाणी अडतो. एकाच्या बाबतीत चाललेली गोष्ट दुसऱ्याच्या बाबतीत का चालली नाही, हे तो सांगू शकत नाही, आणि मग दोष पोराच्या जिद्दीवर जातो. वजन उचलणाऱ्या मुलीला रोज दहा किलोमीटर पळवणे, किंवा लांब धावणाऱ्या मुलाला तूप वाढून भात कमी करणे, ही जिद्दीची उणीव नाही. चुकीचा झरा खोदण्याचा प्रकार आहे.

या पुस्तकाचा शेवटचा भाग खेळाडूंविषयी नाही. सांगली-साताऱ्यात स्नायूंचे सर्वांत मोठे काम आखाड्यात किंवा धावपट्टीवर होत नाही. ते हिवाळ्यात उसाच्या फडात होते. बीडकडून आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या जोड्या पहाटेपासून कोयता चालवतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडीत भरतात. हे काम दिवसभराचे, म्हणजे जवळजवळ सगळे तिसऱ्या झऱ्यावरचे. इंधनात चरबीचा वाटा मोठा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना तेवढ्यापुरते पहिले दोन झरे, आणि पुन्हा तिसरा. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा पाव हिस्साही यांत्रिक कामात उतरत नाही, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून घाम, म्हणून पाणी. तिसरा झरा प्राणवायूवर चालतो आणि प्राणवायू लोहावर. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह, स्नायूतल्या मायोग्लोबिनमध्ये लोह, मायटोकाँड्रियात इंधन जाळणाऱ्या प्रथिनांतही लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पोटभर भाकरी खाऊनही अशा स्त्रीच्या स्नायूंत एटीपी पुरेशा वेगाने बनू शकत नाही. तेवढीच मोळी उचलायला तिचे हृदय जास्त धडधडते, दुसऱ्या झऱ्यावर लवकर भार पडतो आणि ती लवकर थकते. तिला कामचुकार म्हणणारा मुकादम, आणि अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घरी पाठवणारा दवाखाना, दोघेही साठ्याच्याच समजुतीवर चालतात. सलाईनच्या एका बाटलीत साखर असलीच तर जेमतेम २५ ग्रॅम असते. हंगाम सुरू होण्याआधी, गावातच हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या तीन महिने नियमित दिल्या तर ज्या झऱ्यावर तिचा सबंध दिवस अवलंबून आहे तो मोकळा होतो. त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.